एका ‘ना’च्या अनेक जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी, हिंदी, बंगाली आणि फारसी या भाषांत ‘न’ किंवा ‘ना’ नकार दाखवतो. चेक, बल्गेरियन आणि लिथुएनियन बोलणारेही ‘ने’ म्हणून नकार देतात. असे असताना ग्रीक माणसाच्या तोंडी ‘ने’ म्हणजे ‘हो’ कसे, कोरियनमध्येही ‘ने’ म्हणजे ‘हो’च कसे, आणि जपानी माणूस वाक्यावाक्याच्या शेवटी जो ‘ने’ जोडतो तो यांपैकी कोणता? एकच शब्द जगभर फिरता फिरता अर्थ बदलत गेला, की हे मुळातच वेगवेगळे शब्द आहेत? आणि ज्याला भाषांतर करायचे आहे त्याने अशा शब्दाशी वागावे कसे?

आधी सरळ उत्तर देतो. हा एक शब्द नव्हे. सारख्या ऐकू येणाऱ्या अनेक शब्दांचा हा जमाव आहे. त्यांतील काही सख्खी भावंडे आहेत, काही दूरचे नातेवाईक आहेत आणि उरलेल्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. कोण कोणाचा हे कानांना कळत नाही. भाषांतर आणि दुभाष्याचे काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या काळात माझी सर्वांत जास्त फजिती लांबलचक पारिभाषिक शब्दांनी नव्हे, तर अशा एकाक्षरी शब्दांनी केली आहे. मोठा शब्द अडला की माणूस कोश उघडतो. लहान शब्द आपल्याला येतोच असे वाटते आणि तिथेच घात होतो. या सगळ्यातून माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की शब्द जितका लहान, तितका त्याचा अर्थ शब्दात कमी आणि त्याच्या जागेत जास्त असतो.

परक्या भाषांकडे जाण्याआधी आपल्याच ‘ना’कडे पाहू, कारण सवयीमुळे त्याचे वैचित्र्य आपल्याला दिसेनासे झाले आहे. ‘ना तो आला, ना त्याचा निरोप’ यात ‘ना’ निखळ नकार आहे. ‘ये ना’ यात नकाराचा लवलेशही नाही, उलट तेथे आर्जव आहे. साध्या ‘ये’ची आज्ञा ‘ना’मुळे विनंती होते आणि स्वर थोडा ताणला तर लाडीगोडी होते. ‘येतोस ना?’ यात बोलणारा दुजोरा मागतो, तर ‘येतो ना’ यात तोच दुजोरा देतो. ‘माझी ना नाही’ या वाक्यात ‘ना’ चक्क नाम झाला आहे, स्त्रीलिंगी झाला आहे आणि शेजारच्या ‘नाही’शी मिळून संमती देतो आहे. ‘पाऊस थांबेना’ यात तो क्रियापदाच्या अंगात शिरला आहे आणि नुसता नकार न राहता ‘वाट पाहूनही होत नाही’ अशी खंत त्याला चिकटली आहे. पण तोच प्रत्यय ‘थोडे का होईना’ किंवा ‘असेना का’ यांत आला की नकाराचे रूप घेऊन तो परवानगी देतो. ‘असेना का’ याचा अर्थ ‘नसो’ असा नसून ‘असू दे, माझे काही बिघडत नाही’ असा आहे, हे मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला पटवून देताना दरवेळी माझी दमछाक होते.

इतके करूनही ‘ना’ संपत नाही. शाळेत घोकलेल्या विभक्तीच्या तक्त्यातला ‘स, ला, ना, ते’ मधला ‘ना’ आहेच: ‘मुलांना’, ‘त्यांना’. ‘जाताना’, ‘बोलताना’ यांतला ‘ना’ क्रिया चालू असण्याचा काळ सांगतो. ‘नापसंत’, ‘नालायक’, ‘नाइलाज’ यांतला ‘ना’ फारसीकडून आलेला उपसर्ग आहे. ‘तुम्ही येता ना?’ आणि ‘तुम्ही येताना’ या दोहोंत अक्षरे तीच आणि त्याच क्रमाने आहेत. फरक आहे तो मधल्या एका रिकाम्या जागेचा आणि आवाजाच्या चढउताराचा. लेखनिकाने घाईत ती जागा गाळली तर प्रश्नाचे रूपांतर अर्धवट वाक्यात होते आणि वाचणारा पुढच्या शब्दांची वाट पाहत बसतो. ‘तो पडला नाही ना?’ या वाक्यात तर दोन ‘ना’ शेजारी बसले आहेत. पहिला, ‘नाही’मधला, पडण्याचा नकार करतो, दुसरा त्या नकाराला आशेने धरून ठेवतो. त्यातला दुसरा ‘ना’ काढून टाका, म्हणजे काळजीचे वाक्य निवेदन होऊन बसते.

एकाच भाषेत एकाच ध्वनीची एवढी कामे असतील तर बोलणाऱ्यांचा गोंधळ का उडत नाही? कारण ऐकणारा ‘ना’ ऐकत नाही, तो ‘ना’ कुठे बसला आहे ते ऐकतो. ही गोष्ट माझ्या शोधाची नाही. वेदांतल्या शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथाचा कर्ता यास्क याने ती फार पूर्वी नेमकी सांगितली आहे, आणि तीही याच शब्दाबद्दल. वेदांत ‘न’ला दोन अर्थ आहेत, एक निषेधाचा आणि दुसरा उपमेचा, म्हणजे ‘नाही’ आणि ‘सारखा’. बोलभाषेत मात्र फक्त निषेधाचा अर्थ आहे, असे यास्क नोंदवतो आणि पुढे ते ओळखायचे कसे हेही सांगतो: ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी ‘न’ येतो, आणि ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर येतो. ‘नेन्द्रं देवममंसत’, म्हणजे त्यांनी इंद्राला देव मानले नाही, हे त्याने दिलेले निषेधाचे उदाहरण आहे. ‘दुर्मदासो न सुरायाम्’, म्हणजे सुरेने झिंगलेल्यांप्रमाणे, हे उपमेचे. दोन्ही ठिकाणी शब्द तोच असूनही अर्थ ठरवते ती जागा. लहान शब्दांविषयी इतके मोजके आणि कामाचे विधान मी नंतरच्या अनेक जाडजूड ग्रंथांतही पाहिलेले नाही.

नकार आणि उपमा यांचा संबंध वरवर विचित्र वाटतो, पण तो अगदीच एकाकी नाही. लिथुएनियनमध्ये ‘नेइ’ हा शब्द जोडीने आला तर ‘ना हे, ना ते’ असा नकार करतो आणि तुलनेत आला तर ‘पेक्षा’ असा अर्थ देतो. आयरिशमध्ये ‘ना’ दीर्घ उच्चारला तर ‘करू नको’मधला ‘नको’ होतो, ‘आणि तेही नाही’ असा होतो आणि ‘पेक्षा’ही होतो. आपल्याकडे शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत एकामागून एक दृष्टांत देताना ‘नातरी’ हा शब्द ‘किंवा’ या अर्थाने वारंवार येतो. एक उपमा पुरेशी वाटली नाही की ‘नातरी’ म्हणून दुसरी. या साऱ्यांचा वंश एकच आहे असा दावा मी करणार नाही. मात्र ‘हे नव्हे, पण याच्या जवळचे’ या वळणाने मन नकारातून तुलनेकडे सहज जाऊ शकते, एवढे मला पटते.

आता सख्ख्या भावंडांविषयी. संस्कृत, फारसी, स्लाव भाषा, बाल्टिक भाषा, लॅटिन आणि जर्मानिक भाषा एकाच भारत-युरोपीय कुळातल्या आहेत आणि त्या सर्वांत नकारासाठी ‘न’ने सुरू होणारा जुना शब्द आहे. येथे साम्य योगायोगाचे नाही, कारण साम्य एका शब्दापुरते थांबत नाही. संख्यावाचक शब्द, नात्यांची नावे, क्रियापदांची रूपे यांतही ध्वनींचे नियमित संबंध दिसतात. इंग्रजीतला आजचा ‘नो’ जुन्या काळी ‘ना’ असा होता आणि तो ‘ने’ अधिक ‘कधीही’ अशा जोडणीतून आला. लॅटिनमधला ‘नोन’ हा ‘एकही नाही’ या जोडणीतून घडला. मूळ शब्द एवढासा असल्यामुळे प्रत्येक भाषेला त्याला काही ना काही टेकू द्यावा लागला, ही यातली खरी गंमत आहे.

हा टेकू पुढे काय करतो ते ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषावैज्ञानिकाने १९१७ साली दाखवून दिले. नकाराचा शब्द लहान आणि आघात नसलेला असल्यामुळे झिजतो, ऐकू येईनासा होतो. मग जोर देण्यासाठी बोलणारे दुसरा शब्द सोबत घेतात आणि काही पिढ्यांनी तो सोबतीच नकाराचा मालक होतो. फ्रेंचमध्ये ‘ने’ हा जुना नकार होता. त्याच्या जोडीला ‘पा’ आला, ज्याचा मूळ अर्थ ‘पाऊल’, म्हणजे ‘पाऊलभरही नाही’. आज बोलीतल्या फ्रेंचमध्ये ‘ने’ बहुधा गळतो आणि ज्याचा नकाराशी जन्मतः काहीच संबंध नव्हता तो ‘पा’ एकटाच नकार वाहतो. इंग्रजीतही जुन्या ‘ने’च्या जागी ‘नॉट’ आला, जो ‘काहीही नाही’ अशा अर्थाच्या लांब शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. म्हणजे सख्ख्या भावंडांतही प्रत्येकाचा संसार वेगळा झाला आहे.

सख्खे नातेच कधी कधी जास्त फसवते, याचा अनुभव मी बंगालीत घेतला. सुरुवातीच्या वर्षांत एका नाट्यसंहितेचे भाषांतर करत होतो. दाराशी घुटमळणाऱ्या मुलाला आई म्हणते, ‘जाओ ना’. बंगालीत नकाराचा ‘ना’ क्रियापदानंतर येतो हे मला ठाऊक होते. ‘जानि ना’ म्हणजे ‘माहीत नाही’. त्या ज्ञानाच्या जोरावर मी ‘जाऊ नकोस’ असे लिहिले. पुढच्याच वाक्यात मुलगा निघून जातो, तेव्हा तो आईचे ऐकत नाही असा अर्थ मी मनाशी लावला आणि त्याला साजेसा पुढचा संवादही थोडा धारदार केला. प्रत्यक्षात आई त्याला ‘जा ना’ म्हणत होती, अगदी आपल्यासारखेच. मनाई करायची असती तर ती ‘जेओ ना’ म्हणाली असती, कारण बंगालीत मनाईचा ‘ना’ भविष्यकाळी आज्ञार्थाला लागतो आणि आर्जवाचा ‘ना’ वर्तमानकाळी आज्ञार्थाला. शिवाय ‘तुमि जाओ ना’ हे साधे विधान म्हणून उच्चारले तर ‘तू जात नाहीस’ असाही त्याचा अर्थ होतो. मराठीच्या कानाने ऐकले असते तर मी वाचलो असतो. बंगालीच्या अर्धवट नियमाने मला बुडवले. तो सगळा प्रवेश मला पुन्हा लिहावा लागला.

काही वर्षांनी जपानीत जवळपास हाच सापळा भेटला तेव्हा मी सावध होतो. तेथे ‘इकु ना’ म्हणजे ‘जाऊ नकोस’ आणि ‘इकिना’ म्हणजे ‘जा’. दोन्हींच्या शेवटी ‘ना’ आहे, पण पहिला क्रियापदाच्या मूळ रूपाला लागणारा मनाईचा शब्द आहे आणि दुसरा ‘नासाई’ या आज्ञावाचक शब्दाचा तुकडा आहे. तिसरा ‘ना’ आणखी वेगळा: ‘ई ना’ असे म्हणणारा हेव्याने किंवा कौतुकाने ‘काय छान!’ म्हणत असतो. बंगाली आणि जपानी यांचे कूळ वेगळे आणि व्याकरण वेगळे. तरीही दोन्हींत ‘जा’ आणि ‘जाऊ नको’ यांच्यामध्ये फक्त एका स्वराचे अंतर उरले आहे.

आता प्रश्नातल्या ग्रीक आणि कोरियन ‘ने’कडे येतो. ग्रीक ‘ने’ हा कुळाचा नकार उलटून झालेला होकार नव्हे. प्राचीन ग्रीकमध्ये ‘नाइ’ असा स्वतंत्र होकारार्थी शब्द होता. पुढे ग्रीकमध्ये ‘आइ’ या जोडस्वराचा उच्चार ‘ए’ होत गेला आणि ‘नाइ’ आपोआप ‘ने’ झाला. नकारासाठी ग्रीकने कुळाचा ‘न’ फार पूर्वीच बाजूला ठेवून ‘ऊ’ हा शब्द घेतला होता, त्यामुळे घरात दोघांची टक्कर झाली नाही. टक्कर होते ती शेजाऱ्यांशी: बल्गेरियन ‘ने’ म्हणजे नकार आणि सीमेपलीकडचा ग्रीक ‘ने’ म्हणजे होकार. त्यातच आधुनिक ग्रीकमध्ये ‘ना’ही आहे आणि तो नकारही नाही की होकारही नाही, प्राचीन ‘हिना’ या शब्दाचा तो उरलेला भाग असून ‘करावे म्हणून’, ‘जायला’ अशा ठिकाणी क्रियापदाच्या आधी बसतो.

कोरियन ‘ने’ची तऱ्हा याहून निराळी आहे. त्याचे भाषांतर ‘हो’ असे करतात, पण त्याचा खरा अर्थ ‘आपण म्हणता ते बरोबर’ असा आहे. ‘आपण गेला नाहीत?’ असे विचारल्यावर कोरियन माणूस ‘ने’ म्हणाला तर तो गेलेला नाही. याच उत्तराचे इंग्रजी करताना ‘नो’ लिहावे लागते. म्हणजे कोशात ‘हो’ असा अर्थ असलेला ‘ने’ प्रत्यक्ष भाषांतरात नकार होऊन बसतो, आणि तरीही भाषांतरकाराने काही चूक केलेली नसते. आपण मराठी लोक या बाबतीत दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहोत; ‘तू येणार नाहीस ना?’ याला ‘हो, नाही येणार’ असेही उत्तर मिळते आणि ‘नाही, नाही येणार’ असेही मिळते. दोन्हींचा अर्थ एकच.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घेणे आवश्यक आहे. नकारात ‘न’ येतो तो नैसर्गिकच आहे, नावड दाखवताना माणूस नाक आक्रसतो आणि त्यातून अनुनासिक ध्वनी निघतो, अशी कल्पना खुद्द येस्पर्सननेही मांडली होती. कल्पना आकर्षक आहे, पण जगातल्या भाषा तिला साथ देत नाहीत. अरबीत नकार ‘ला’ आहे, चिनीत ‘बू’, फिनिशमध्ये ‘एइ’, तमिळमध्ये ‘इल्लै’, स्वाहिलीत ‘हापाना’. आणि ‘न’ने सुरू होणारे होकार तर वर आलेच आहेत. नायजेरियातल्या पिजिनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांच्या संपर्कातून घडलेल्या मिश्र बोलीत, ‘ना सो’ म्हणजे ‘असेच आहे’ आणि ‘नो बी सो’ म्हणजे ‘असे नाही’. ज्या भाषेचा बहुतेक शब्दसाठा इंग्रजीतून आला तिच्यात ‘ना’ ठाम विधान करतो, यापुढे नाकाचा सिद्धांत टिकणे अवघड आहे.

मग एवढे साम्य येते कुठून? बहुतांशी साध्या हिशेबातून. वीस व्यंजने आणि पाच स्वर असलेल्या भाषेत एक व्यंजन आणि एक स्वर अशी अक्षरे होतात फक्त शंभर. हवाईच्या भाषेत आठ व्यंजने आणि पाच स्वर आहेत; तेथे हीच संख्या चाळीस. सतत वापरले जाणारे शब्द आखूड असतात किंवा वापरून आखूड होतात, हे जॉर्ज झिप्फ या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवले आहे. ‘आणि’, ‘चा’, ‘वर’, ‘ते’, ‘नाही’, ‘का’ अशी कामे करणारे सगळे शब्द त्या मूठभर अक्षरांवर दाटीवाटीने बसतात. त्यात ‘न’ आणि ‘आ’ हे तर जगातल्या बहुतेक भाषांत असणारे ध्वनी. तेव्हा हजारो भाषांपैकी शेकडोंमध्ये ‘ना’ हा शब्द असणे मुळीच नवलाचे नाही. तो कुठेच नसता तर नवल होते.

या योगायोगांचे नमुने पाहण्यासारखे आहेत. हवाईच्या भाषेत ‘ना’ हे अनेकवचनी नामाआधी येणारे निश्चित उपपद, म्हणजे इंग्रजी ‘द’सारखा शब्द, आहे, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आयरिशमध्येही ऱ्हस्व ‘न’ हेच काम करतो. दोन्ही भाषांचा कधी संबंध आला नव्हता. स्वाहिलीत ‘ना’ म्हणजे ‘आणि’, ‘सह’. ‘मी सह पुस्तक’ अशा रचनेने ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ असे म्हणतात, म्हणून तोच ‘ना’ मालकीही सांगतो. पोर्तुगीज ‘न’ म्हणजे ‘च्या आत’, आणि तो ‘आत’ व स्त्रीलिंगी उपपद यांच्या सांध्यातून झाला. रशियन, पोलिश, चेक यांतला ‘ना’ म्हणजे ‘वर’, आणि तो इंग्रजी ‘ऑन’चा नातेवाईक आहे, आपल्या ‘ना’चा नव्हे, शिवाय रशियन माणूस हातातली वस्तू पुढे करून ‘ना’ म्हणतो तेव्हा ‘हे घे’ म्हणत असतो. ‘घे’ सांगणाऱ्या त्या शब्दाला नकार समजून हात मागे घेणारे मी पाहिले आहेत. चेक बोलणारा ‘नो’ म्हणतो ते बहुधा ‘हो, हो’ या अर्थाने. तेलुगूत ‘ना’ म्हणजे ‘माझा’. तमिळमध्ये ‘ना’ म्हणजे ‘जीभ’. चिनीत ‘ना’ एक नाहीच: चढत्या सुरात ‘घेणे’, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात ‘कोणता’ आणि उतरत्या सुरात ‘तो’. आपण देवनागरीत तिन्ही ‘ना’ लिहितो ती आपल्या लिपीची मर्यादा. चिनी कानाला ते तीन वेगळे शब्द आहेत आणि लिहायलाही तीन वेगळी चिन्हे आहेत. गुजराती मात्र जवळची असून चकवते: तिथे ‘ना’ नकार आहे, पण ‘गामना लोको’ यातला ‘ना’ आपला ‘चे’ आहे, आणि ‘ने’ हा ‘ला’, ‘आणि’ व ‘ना?’ या तिन्ही कामांना पुरतो.

माझ्या संग्रहातला सर्वांत सुंदर योगायोग ब्राझीलचा आहे. ब्राझीलची पोर्तुगीज बोलणारे लोक वाक्याच्या शेवटी ‘ने?’ म्हणतात, हा ‘नाऊँ ए’, म्हणजे ‘नाही का’, याचा आखडलेला उच्चार आहे. १९०८ साली जपानी स्थलांतरितांची पहिली बोट सांतोस बंदराला लागली. त्या लोकांच्या भाषेतही वाक्याच्या शेवटी ‘ने’ होता, तेच दुजोरा मागणारे काम करणारा आणि तसाच उच्चारला जाणारा. ध्वनी तोच, जागा तीच, कामही तेच. तरीही एक नकारातून जन्मलेला आणि दुसरा जपानीचा स्वतःचा. एका शब्दाच्या आधारे भाषांची नाती जुळवणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो. याहून परिपूर्ण साम्य त्यांना कुठे मिळणार नाही, आणि ते नात्याविषयी काहीही सिद्ध करत नाही.

भाषांतरकाराला एक उपद्रव शब्दांच्या पोटातूनही होतो. ‘नादान’ म्हणजे ‘न जाणणारा’, तिथे ‘ना’ खरोखर नकार आहे. पण ‘नाजूक’मध्ये ‘ना’ असा तुकडा पडतच नाही. तो अख्खा फारसी शब्द आहे. ‘नाखुदा’ पाहून ‘जो खुदा नाही तो’ असा अर्थ लावण्याचा मोह कवींनाही झाला आहे, परंतु त्यातला ‘ना’ म्हणजे नाव, होडी; नाखुदा म्हणजे नावेचा धनी. मराठीतला ‘नाखवा’ त्याचाच वंशज. असा शब्द फोडण्याआधी तो फुटतो तरी का, हे पाहावे.

आता शेवटच्या भागाकडे, म्हणजे काय करावे याकडे येतो. दुभाष्याचे काम करताना मी एकट्या ‘ना’चे, ‘ने’चे किंवा ‘नो’चे भाषांतर करत नाही, क्रियापद येईपर्यंत थांबतो. समोरचा एकाच अक्षरावर थांबला तर परवानगी घेऊन पुन्हा विचारतो आणि तो प्रश्न नकार वगळून विचारतो. ‘आपण सही केली नव्हती ना?’ याला मिळालेला ‘हो’ कुठल्याही भाषेत नेण्याच्या योग्यतेचा नसतो. ‘आपण सही केली का?’ याला ‘केली’ किंवा ‘नाही केली’ असे क्रियापदासह उत्तर मिळते. आयरिशमध्ये तर ‘हो’ आणि ‘नाही’ असे सुटे शब्दच नाहीत, उत्तरात क्रियापदच परत म्हणतात, आणि बिनचूकपणाच्या दृष्टीने मला ती पद्धत हेवा वाटावी इतकी चांगली वाटते. आपणही ‘जेवलास?’ ला ‘जेवलो’ म्हणतोच.

लेखी भाषांतरात वेळ असतो, म्हणून तेथे मी प्रत्येक ‘ना’ला तीन गोष्टी विचारतो: तू कोणाच्या आधी बसला आहेस की नंतर, जोडून आहेस की सुटा, आणि तुला गाळले तर वाक्याची बाजू पालटते की फक्त सूर बदलतो. बाजू पालटत असेल तर तो नकार आहे आणि त्याला लक्ष्यभाषेत शब्द द्यावाच लागतो. फक्त सूर बदलत असेल तर त्याला शब्द देण्याचा हट्ट धरू नये. ‘ये ना’चे इंग्रजी करताना विनवणीचा शब्द घातला तर वाक्य औपचारिक होते आणि न घातला तर हुकमी होते, तेव्हा तेथे ‘ना’चे काम मी कधी संबोधनाकडे, कधी वाक्याच्या लांबीकडे आणि कधी पुढच्या वाक्याकडे सोपवतो. यंत्रभाषांतर अजून याच ठिकाणी अडखळते, आणि शोधयंत्रांसाठी ‘निरुपयोगी’ शब्दांची यादी करणारे ‘न’ आणि ‘ना’ त्या यादीत टाकतात तेव्हा वाक्याची बाजूच गळून पडते.

‘असेना का’ मात्र मी आजवर समाधानकारकपणे कुठल्याही भाषेत नेऊ शकलेलो नाही. इंग्रजीत त्याची उदासीनता येते पण मोठेपणा येत नाही, हिंदीत ‘रहने दो’ म्हटले तर मोठेपणा येतो पण खांदे उडवणे राहून जाते. बंगालीतला ‘होक ना’ त्याच्या सर्वांत जवळ जातो, आणि तिथेही शेवटी ‘ना’च आहे.